परमुलखातील आई-वडील आणि मुलांची मुखत्यारी

नगर–सोलापूर रस्त्यावरचे मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील, पर्जन्यछायेच्या टापूत मोडणारे बाजाराचे गाव. अशा गावांतून आणि त्यांच्या भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरून शिक्षणासाठी आधी नगरला, मग पुण्याला गेलेली मुले आज लंडन, दुबई, सिंगापूर, टोरांटो अशा दूरच्या नगरांत नोकरीनिमित्त राहू लागली आहेत. आणि मुलाचा तेथे जम बसला, घरात पाळणा हलला, की १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, पाझर तलावांच्या मातीकामावर पाट्या वाहिल्या, त्या पिढीतल्या आई-वडिलांच्या हाती विमानाचे तिकीट येते. मुलगी किंवा मुलगा रजा काढून त्यांना घेऊन शहर दाखवायला निघतो, आणि आयुष्यभर ज्यांनी पोराचे बोट धरले त्यांचे बोट आता पोराने धरायचे, असा एक विलक्षण प्रवास सुरू होतो.

या प्रवासाहून परतलेल्या मंडळींच्या बोलण्यात कौतुकाबरोबर त्रेधेच्या हकीकतीही पुष्कळ असतात. कोणाचे वडील भुयारी रेल्वेच्या फलाटावर मागे राहिले, कोणाच्या आईचे फराळाचे डबे विमानतळावर उघडले गेले, कोणाला मध्यरात्री रुग्णालयाची पायरी चढावी लागली. या हकीकतींचा शांतपणे विचार केला म्हणजे ध्यानात येते, की अपरिचित नगरीत संकट बहुधा मोठ्या अरिष्टाच्या रूपाने येत नाही. ते एखाद्या चुकीच्या गाडीच्या, विसरलेल्या गोळीच्या, न कळलेल्या पाटीच्या वाटेने येते, आणि ते वाढते ते एकाच कारणाने. प्रवासाचा सगळा कारभार मुलाच्या हाती गेलेला असतो. पारपत्र त्याच्या पिशवीत, पत्ता त्याच्या मोबाइलमध्ये, पैसा त्याच्या कार्डात, भाषा त्याच्या जिभेवर. प्रेमापोटी आणि काळजीपोटीच त्याने ही संपूर्ण मुखत्यारी स्वीकारलेली असते. परंतु ज्या क्षणी तो नजरेआड होतो, त्या क्षणी सत्तर वर्षांचा संसार निगुतीने चालविलेला माणूस नाव, गाव, पैसा आणि वाचा यांना एकदम पारखा होतो. या मुखत्यारीची वाटणी कशी करावी, हाच या लेखाचा विषय आहे.

आईला घेऊन परमुलखात गेलेल्या मुलाची सर्वांत दारुण हकीकत आपल्या इतिहासात नाना फडणिसांची आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर उत्तरेकडे गेलेल्या लवाजम्यात लढवय्यांखेरीज यात्रेकरूंचाही मोठा समुदाय होता, आणि ऐन विशीही न गाठलेले नाना आपल्या आईला व पत्नीला घेऊन त्यात सामील झाले होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सैन्याचा मोड झाला. नाना जीव वाचवून निसटले, पत्नी पुढे भेटली, आई मात्र अंतरली ती कायमचीच. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरच्या कर्जाची विवंचना मिटविण्याच्या आशेने आपल्या वडीलधाऱ्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, तो १८५७ च्या वणव्यात सापडले. पुढच्या वर्षी झाशीच्या वेढ्यात अडकले, जवळचे द्रव्य लुटले गेले, आणि तरीही परतताना आई-वडिलांसाठी गंगोदकाची कावड खांद्यावरून घेऊन आले. चिंतामणराव वैद्यांनी संपादून १९०७ साली प्रसिद्ध केलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ मराठी वाचकांना परिचित आहेच.

युद्धाचे प्रसंग सोडले, तर त्या काळच्या यात्रेकरूच्या पाठीशी एक व्यवस्था उभी असे. मिरजगावापासून जवळच, जामखेड तालुक्यातल्या चोंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी काशी, गया, सोरटी सोमनाथ अशा दूरदूरच्या क्षेत्रांत देवालये, घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी केली, ती केवळ देवासाठी नव्हती. परक्या गावी उतरलेल्या वृद्ध यात्रेकरूला पाणी, अन्न आणि रात्रीचा निवारा मिळावा, ही त्यामागची तजवीज होती. शिवाय तीर्थोपाध्यायांच्या वह्या असत. कोणत्या गावचे, कोणत्या आडनावाचे, कोणाचे पुत्र कोणत्या साली येऊन गेले, याची नोंद त्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरलेली असे. त्यामुळे काशीच्या गर्दीत चुकलेला म्हातारा आपले गाव आणि आडनाव सांगू शकला, की त्याचा उपाध्याय आणि उतरण्याचे ठिकाण सापडण्याचा संभव असे. म्हणजे माणूस त्या नगरीत पोहोचण्यापूर्वीच त्याची ओळख तेथे पोहोचलेली असे. आजच्या लंडनमध्ये किंवा टोकियोमध्ये आपल्या वडिलांची अशी वही कोणाच्या दप्तरात नाही. ती आपणच लिहून त्यांच्या खिशात ठेवली पाहिजे.

या कामाचा आरंभ घर सोडण्यापूर्वी, दस्तऐवजांपासून होतो. आपल्याकडील जुन्या पिढीत पुष्कळांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून अशी आढळते, कारण शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला ठाऊक नसे आणि गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची सोयीची तारीख मांडून मोकळे होत. परदेशच्या विमानतळावरील अधिकाऱ्याने जन्मतारीख विचारली, आणि आईने आपल्या आठवणीप्रमाणे श्रावणातला जन्म सांगितला, तर ती खरे बोलत असूनही कागदाशी रुजवात होत नाही. तीच गोष्ट नावाची. माहेरचे नाव एका दाखल्यावर, सासरचे दुसऱ्यावर, वडिलांचे नाव कोठे मधल्या जागी तर कोठे आडनावाच्या जागी. त्यात २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यामुळे जुन्या पारपत्रावर एक आणि नव्या कागदावर दुसरे. यात भिण्यासारखे काही नाही, परंतु पारपत्रावर जे छापले आहे ते आई-वडिलांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावे, आणि ‘कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कोणाकडे उतरणार, परत कधी जाणार’ या चार प्रश्नांची उत्तरे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत त्यांच्याकडून वदवून घ्यावीत. मुलाने शिकविलेले इंग्रजी वाक्य ऐन वेळी विसरते. स्वतःला पटलेली हकीकत विसरत नाही.

दुसरी अडचण बोटांची. ज्यांनी जन्मभर खुरपे, विळा आणि दोर हाताळले त्यांच्या बोटांवरील रेषा घासून पुसट झालेल्या असतात, आणि वयपरत्वे कातडी कोरडी पडल्यामुळे यंत्राला ठसा मिळत नाही. आधार कार्डाच्या वेळी हा अनुभव गावोगावी आला आहे. व्हिसाच्या केंद्रात आणि काही देशांच्या प्रवेशद्वारांवरही तोच येतो. काचेवर बोट ठेवायचे, यंत्राने नकार द्यायचा, पुन्हा ठेवायचे, मागे रांग खोळंबायची, आणि आपल्या हातून काही गुन्हा घडला की काय अशा भावनेने त्या माउलीने मुलाकडे पाहायचे, हा प्रसंग फार केविलवाणा होतो. आधी काही दिवस रात्री हातांना खोबरेल किंवा मलम चोळावे, ठसा देण्यापूर्वी मात्र हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. आणि असे होऊ शकते, त्यात कमीपणा काही नाही, हे आधीच सांगून ठेवावे. कष्टाने झिजलेल्या बोटांची लाज वाटण्याचे कारण नाही, हे मुलानेच आईला सांगायचे असते.

आता सामानाकडे वळू. नातवंडांसाठी काही करून नेल्यावाचून आजीचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि नेमका येथेच सर्वांत गंभीर धोका दडलेला आहे, याची पुष्कळांना कल्पना नसते. अनारशांवर आपण हौसेने लावतो ती खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध आहे. अफूच्या बोंडातून निघत असल्यामुळे तेथील कायदा तिची गणना अमली पदार्थांच्या वर्गात करतो. म्हणजे दिवाळीचा डबा दुबईच्या विमानतळावर उघडला गेला, तर तो मिठाईचा डबा न राहता फौजदारी चौकशीचा विषय होऊ शकतो. सिंगापुरात चघळण्याच्या तंबाखूला बंदी आहे. ज्या वडिलांच्या कोपरीच्या खिशात चंची असते, किंवा ज्या आजींना सकाळी मिशेरी लावल्याखेरीज दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही, त्यांना हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत बी-बियाणे, दुधाचे पदार्थ, फळे यांविषयी नियम फार कडक आहेत. सोबत खाद्यपदार्थ असतील तर उतरताना भरावयाच्या प्रवेशपत्रिकेवर ते प्रामाणिकपणे लिहावे लागतात, आणि न्यूझीलंडमध्ये न लिहिल्याबद्दल जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. नोंद करून दाखविलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो. लपलेला पदार्थ सापडला तर दंड भरावा लागतो.

औषधांचेही तसेच. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी आपल्याकडे वैद्यांच्या चिठ्ठीवर सर्रास मिळते. अमिरातीत त्यांवर कडक नियंत्रण असून आगाऊ परवानगी लागते. जपानमध्ये सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर चालत नाही. म्हणून औषधे मूळ वेष्टनात, वैद्यांच्या चिठ्ठीसह, आणि त्या चिठ्ठीवर बाजारी नावाशेजारी मूळ औषधाचे नाव लिहून न्यावीत. कारण आपल्या गोळीचे बाजारी नाव परदेशातील औषधविक्रेत्याने ऐकलेलेही नसते. इन्शुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात टाकू नये, तेथे ते गोठून निकामी होण्याचा संभव असतो; ते हातातल्या पिशवीतच असावे. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे जाताना आखडतो, तेव्हा मधुमेहाच्या मात्रांचे वेळापत्रक निघण्यापूर्वी वैद्यांकडून कागदावर उतरवून घ्यावे.

प्रवासातल्या दगदगीचा हिशेबही आधीच करून ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तास किंवा त्याहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसाच्या बाबतीत तो ६,००० त १ एवढा अल्प असला, तरी वार्धक्य आणि व्याधी यांनी तो वाढतो. दर काही वेळाने उठून चालणे, पोटऱ्या हलवीत राहणे आणि पाणी पीत राहणे, एवढ्याने त्याचे पुष्कळसे निवारण होते. परंतु विमानातील शौचालयाचा दरवाजा उघडता येईल की नाही या भीतीने आपल्या आया पाणीच पीत नाहीत, हे मुलांनी ओळखले पाहिजे, आणि विमान सुटल्यावर पहिल्याच तासाला स्वतः सोबत जाऊन तो दरवाजा त्यांच्या हाताने उघडवून-लाववून दाखविला पाहिजे.

चाकांची खुर्ची विमान कंपनीकडे आगाऊ मागता येते, आणि ती दोघांसाठी मागावी. २०२४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका दाम्पत्याला एकच खुर्ची मिळाली. पत्नी खुर्चीत बसली, ऐंशी वर्षांचे पती तिच्याबरोबर चालत निघाले, तपासणीच्या दालनापाशी कोसळले आणि मरण पावले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. ‘मला कशाला खुर्ची, मी काय पांगळा आहे?’ असे आपले वडील म्हणणारच. शेताच्या बांधावरून मैलोन्‌मैल चाललेला माणूस असेच म्हणतो. त्यांना सांगावे, की खुर्ची पायांसाठी नाही, रात्रभर जागलेल्या हृदयासाठी आहे.

आता प्रत्यक्ष नगरीत येऊ, आणि उदाहरणादाखल लंडन घेऊ. कारण मराठी आई-वडिलांना तेथे जाऊन पाहावेसे वाटणारे एक स्थळ आहे. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या ज्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ या काळात विद्यार्थिदशेत राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारकात रूपांतरित केले आहे. त्याला जवळचे स्थानक चॉक फार्म, ते नॉर्दर्न या नावाच्या भुयारी मार्गावर येते. आता हा मार्ग कॅम्डेन टाउन या स्थानकात दुभंगतो: एक शाखा चॉक फार्मवरून एजवेअरकडे जाते, दुसरी केंटिश टाउनवरून हाय बार्नेटकडे. नकाशावर दोन्हींचा रंग काळाच. वडील गर्दीत पुढे होऊन हाय बार्नेटच्या गाडीत चढले, दरवाजे मिटले, आणि मुलगा फलाटावर राहिला, तर तो पुढच्या गाडीने चॉक फार्मला जाऊन वाट पाहत बसेल आणि वडील दुसऱ्याच दिशेला जात राहतील. भुयारात सर्वत्र मोबाइल चालेलच याची शाश्वती नाही. एवढ्यात वडिलांच्या ध्यानात कोणी ‘एजवेअर’ हे नाव पक्के करून दिलेले असले, तर गोंधळात आणखी भर पडते. कारण एजवेअर रोड नावाची स्थानके वेगळी, तीही एकाच नावाची दोन, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर परंतु वेगवेगळ्या मार्गांवर, आणि एजवेअर तर तेथून कित्येक किलोमीटर दूर. मिरज आणि मिरजगाव यांत, किंवा नगर जिल्ह्यातील कर्जत आणि रायगड जिल्ह्यातील कर्जत यांत परगावच्या माणसाची जी गल्लत होते, तीच येथे आपली होते. फरक इतकाच, की आपल्याकडे एस. टी. चा वाहक ‘आजोबा, हे ते कर्जत नव्हं’ म्हणून वेळीच उतरवितो, आणि तेथील मार्गावर तिकीट तपासायला डब्यात माणूस सहसा येत नाही.

त्या प्रसंगी वडिलांच्या खिशात काय असते, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत आत शिरताना आणि बाहेर पडताना कार्ड टेकवावे लागते, आणि प्रत्येक माणसाला त्याचे स्वतंत्र कार्ड लागते. मुलाच्या एका कार्डावर दोघे जाऊ शकत नाहीत. म्हणजे कार्ड मुलाने स्वतःच्या पाकिटात ‘सांभाळून’ ठेवले असेल, तर वडिलांना चुकलेल्या स्थानकातून बाहेर पडण्याचीही सोय राहत नाही. म्हणून कार्ड त्यांच्या हाती द्यावे, ते पहिल्या दिवसापासून त्यांनाच टेकवू द्यावे, रांग खोळंबली तरी खोळंबू द्यावी. आणि एक कायदा घरातून निघतानाच ठरवावा: ताटातूट झाली तर गाडीत असलेल्या माणसाने पुढच्याच स्थानकावर उतरायचे आणि उतरल्या फलाटावरच्या बाकावर बसून राहायचे, जिना चढायचा नाही, फलाटावर राहिलेल्याने सुटलेल्या गाडीच्या कपाळावरचे नाव वाचून त्याच दिशेच्या पुढच्या गाडीने तेथे जायचे. ‘आबा, उतरायचं आन्‌ बसायचं. मी येईस्तोवर हलायचं न्हाई,’ एवढे एक वाक्य त्यांच्या बोलीत सांगितलेले असले, की निम्मी चिंता संपली. लंडनच्या स्थानकांच्या फलाटांवर मदतीसाठी कळ दाबून बोलण्याचे खांब आहेत, तेही एकदा दाखवून ठेवावेत.

प्रत्येक नगरीची वहिवाट निराळी. दुबईची मेट्रो २००९ पासून चालकाविना धावते. तिच्यात स्त्रिया व मुलांसाठी राखीव डबा असतो, आणि त्यात पत्नीच्या मागोमाग सहज चढलेल्या वृद्ध पुरुषास १०० दिरहम दंड होऊ शकतो. तेथे खाण्यापिण्यासही मनाई आहे, आणि मुलाला प्रवासात भूक लागेल म्हणून बांधून घेतलेली दशमी सोडणारी आई त्या नियमाच्या कचाट्यात सापडते. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात, घरांचे क्रमांक गाळ्यागाळ्यांनी लागतात; परंतु तेथे चौकाचौकांत ‘कोबान’ नावाच्या लहान पोलीस चौक्या असतात, आणि वाटसरूला वाट सांगणे हे तेथील शिपायाचे नित्याचे कर्तव्य असते. सरकत्या जिन्यावर नऊवारीचा काठ किंवा धोतराचा सोगा अडकण्याची भीती कोणत्याही शहरात सारखीच. काठ आवरून, कठडा धरून उभे राहावे, आणि धीर होत नसेल तर उद्वाहक शोधावा, त्यात वेळ गेला तरी जाऊ द्यावा.

प्रसंग ओढवलाच तर काय करावे, तेही थोडक्यात सांगतो. इंग्लंडात ९९९, युरोपीय संघाच्या देशांत ११२, अमेरिका व कॅनडात ९११, अमिरातीत पोलिसांसाठी ९९९ व रुग्णवाहिकेसाठी ९९८, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० व रुग्णवाहिकेसाठी ११९, हे क्रमांक वडिलांच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत असावेत. इंग्लंडात अपघात विभागातील तातडीचे उपचार परदेशी पाहुण्यासही विनामूल्य मिळतात, परंतु रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर अल्पकालीन पाहुण्याला सरकारी दराच्या १५० टक्के आकार भरावा लागतो. अमेरिकेतील खर्चाविषयी तर बोलायलाच नको. म्हणून प्रवास-विमा उतरवितानाच आधीपासूनच्या व्याधींचा त्यात समावेश आहे की नाही, हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. तो नसेल तर मधुमेही, रक्तदाबाच्या माणसासाठी तो विमा जवळजवळ निरुपयोगी आहे.

पारपत्र हरवले, तर प्रथम स्थानिक पोलिसांकडे वर्दी देऊन तिचा कागद घ्यावा आणि भारतीय वकिलातीशी संपर्क साधावा. नवे पारपत्र मिळायला अवकाश नसेल तर स्वदेशी परतण्यापुरता एकमार्गी आपत्कालीन दाखला वकिलात देते. पारपत्राच्या, व्हिसाच्या आणि छायाचित्राच्या प्रती दोन ठिकाणी ठेवलेल्या असल्या, की हे काम पुष्कळ सुकर होते. परदेशातील भारतीयांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ पासून ‘मदद’ ही संगणकीय व्यवस्था चालविली आहे. आणि मराठी माणसाला मराठी बोलणारे माणूस हवे असेल, तर लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. मोठ्या शहरांत अशी मंडळे बहुधा असतात, त्यांचा पत्ता निघण्यापूर्वी टिपून घ्यावा.

आता ज्या वहीचा वर उल्लेख केला ती कशी असावी? खळ न लावलेल्या मऊ कापडाचा एक बटवा शिवून घ्यावा, तो आईच्या गळ्यात किंवा वडिलांच्या कोपरीच्या आतल्या खिशात बसेल एवढा. त्यात एक जाड कागद: एका अंगाला त्या शहराच्या भाषेत उतरण्याचा पत्ता, मुलाचा आणि सुनेचा दूरध्वनी, शेजाऱ्याचा दूरध्वनी, व्याधी, औषधांची मूळ नावे आणि ‘यांना मराठीच समजते, कृपया यांना येथेच बसवून या क्रमांकावर कळवा’ ही ओळ; दुसऱ्या अंगाला तेच सारे देवनागरीत, मोठ्या अक्षरांत. त्याबरोबर पारपत्राची प्रत, प्रवासाचे कार्ड, आणि टॅक्सीने घरी येता येईल एवढी स्थानिक चलनातली रक्कम. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. खिशात स्वतःचे पैसे असलेला माणूस चुकला तरी निराधार नसतो. आणि नातवाला दुकानात नेऊन स्वतःच्या हाताने काही घेऊन देण्याचे सुख त्याला मिळते ते वेगळेच.

या सगळ्या बंदोबस्ताहूनही मोठी एक गोष्ट आहे, ती मुलाच्या मुखातली. आई-वडील फलाटावर सापडतात, तेव्हा धास्तावलेल्या मुलाच्या तोंडून पहिला शब्द रागाचा निघतो: ‘सांगितलं होतं ना हलू नका!’ तो राग प्रेमाचाच असतो, परंतु परक्या माणसांसमोर ऐकलेले ते एक वाक्य म्हाताऱ्या माणसाच्या मनात घर करते. दुसऱ्या दिवशी ते म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, आम्ही घरीच बरे,’ आणि ज्या शहरासाठी समुद्र ओलांडला ते शहर खिडकीतूनच पाहून परत येतात. चुकणे हा वार्धक्याचा दोष नाही. जेथे पाट्या वाचता येत नाहीत आणि माणसाला विचारता येत नाही, तेथे तरुणही चुकतो. आपल्या आई-वडिलांची प्रवासविद्या ही विचारण्याची विद्या आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, तेव्हापासून या जिल्ह्यातील माणूस गावोगाव विचारीत, ओळखी काढीत, बसायला जागा करून घेत हिंडला आहे. ही विद्या कमी प्रतीची नाही, आणि यंत्रांच्या शहरातही ती अजिबात निरुपयोगी होत नाही. चिठ्ठी पुढे करून हात जोडणाऱ्या वृद्धाला कोणीच मदत केली नाही, असे जगाच्या पाठीवर क्वचितच घडते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की निघण्यापूर्वी एक रंगीत तालीम करावी. २०२२ पासून पुण्यात मेट्रो चालू झाली आहे. मिरजगावहून सकाळच्या गाडीने पुणे गाठावे, आई-वडिलांना त्यांचे स्वतःचे तिकीट काढू द्यावे, फाटकावर त्यांनाच ते टेकवू द्यावे, सरकत्या जिन्यावर चढू-उतरू द्यावे, आणि एका स्थानकापुरते मुद्दाम मागे राहून त्यांना पुढच्या स्थानकावर उतरून थांबू द्यावे. पहिल्या खेपेला ते घाबरतील, दुसऱ्या खेपेला हसतील, तिसऱ्या खेपेला तुम्हालाच वाट सांगतील. ज्यांनी दुष्काळात कुटुंब तारले त्यांना परदेशातील एक दिवस तारून नेता येणार नाही, असे मानण्याचे काहीच कारण नाही; ती मुखत्यारी त्यांचीच आहे, आणि मुलाने निघण्यापूर्वी ती त्यांच्या हाती सोपविली पाहिजे.